सहा आठवड्यांसाठी आणलेलं मडकं

मंगळवारी दुपारी माझे यजमान ऑफिसच्या जिन्यात पडले. तीन वाजता हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी ते गेल्याचं सांगितलं. बुधवारी सकाळी त्यांना अग्नी दिला. मंगळवारी आमच्या घरात टेबलावर एक मडकं होतं. गुरुवारी ते नव्हतं.

आम्ही सत्तरच्या दशकाच्या मध्याला बहारीनला आलो. हे एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होते. मी पुण्यात ग्रंथालयात नोकरी करत होते, ती सोडून आले. मनामा शहरातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये माझी पुस्तकं आणि ह्यांचं ड्रॉइंगचं टेबल एवढंच आमचं खरं सामान. मूलबाळ नव्हतं. ह्यांना ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या भिंती काढायला लागायच्या, म्हणून शुक्रवारी सुटीच्या दिवशी ते स्वतःसाठी काहीतरी काढत. आधी होड्या काढल्या, मग अरादच्या किल्ल्याचा बुरूज, आणि मग एका शुक्रवारी रिफापलीकडच्या टेकड्या.

त्या टेकड्या म्हणजे थडगी. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांना दगडांच्या कोठीत ठेवून वर माती लोटलेली. नवी वसाहत बांधायची म्हणून बुलडोझर त्या सपाट करत होते आणि त्यांच्या पुढे धावत काही माणसं खोदून घेत होती. तिथे ह्यांची रेघ कुणीतरी पाहिली. तेव्हापासून ह्यांच्याकडे मडक्यांची चित्रं काढायचं काम येऊ लागलं. पैसे नाहीत, पण चहा मिळायचा आणि ह्यांना त्याहून जास्त काही नको होतं.

मडक्याचं चित्र काढायची एक रीत असते. मध्ये उभी रेघ मारायची. उजवीकडे मडकं बाहेरून दिसतं तसं काढायचं. डावीकडे ते सुरीने उभं कापलं तर काठ, पोट आणि बूड किती जाड दिसेल ते काढून काळं भरायचं. मडकं अर्थातच कापायचं नाही. आत कॅलिपर घालून बोटाबोटावर जाडी मोजायची आणि न दिसणारी बाजू कागदावर आणायची. मी विचारायची, "आणि चुकलं तर कुणाला कळणार?" हे म्हणायचे, "मडकं फुटेपर्यंत कुणालाच नाही."

इंग्लंडच्या एक बाई दर हिवाळ्यात स्वतःच्या खर्चाने खोदायला यायच्या. पन्नाशी उलटलेल्या, उन्हाने नाक सोललेलं, हातात कायम खुरपं. त्यांच्या गावी एक लहानसं म्युझियम होतं आणि त्या तिथल्या क्युरेटर होत्या. एकदा त्यांनी आम्हाला त्या म्युझियमची पुस्तिका दिली. माझी वाचायची पुस्तकं तेव्हा संपलेली होती, म्हणून मी ती पुस्तिका इतक्यांदा वाचली की ते म्युझियम मला आमच्या गल्लीपेक्षा जास्त माहीत झालं. खालच्या मजल्यावर गावाचा इतिहास: कापडगिरणीतला धोटा, लोणी काढायची लाकडी रवी, कपडे पिळायचं हाताचं यंत्र, युद्धावर गेलेल्या पोरांची बटणं. वरच्या मजल्यावर चित्रं. नदीकाठच्या गाई, पाऊस येऊ घातलेली कुरणं आणि गावच्या जुन्या नगराध्यक्षांचे फुगलेले चेहरे. ह्यांनी पुस्तिका चाळून म्हटलं, "आमच्या मावशीच्या माळ्यासारखं आहे. कुणी काही फेकलेलंच नाही."

खालच्या मजल्यावर जिन्याखालच्या कपाटात आठ मडकी होती. त्या गावचा एक इंजिनियर फार पूर्वी बहारीनला तेलाच्या कामावर होता, त्याने ती घरी नेलेली. तो गेल्यावर त्याच्या बायकोने म्युझियमला देऊन टाकली. तीसेक वर्षं ती त्या कपाटात होती आणि बाईंना आता त्यांचं प्रदर्शन मांडायचं होतं. त्यातलं एक मडकं त्या कमिटीची परवानगी काढून, मांडीवर घेऊन विमानाने इथे आल्या. नव्याने सापडलेल्या मडक्यांशी ते जुळवून बघायचं आणि ह्यांच्याकडून चित्र काढून घ्यायचं. खोदकामाच्या तंबूत उजेड धड नव्हता, धूळ होती. "मी घरी काढतो," हे म्हणाले. बाईंनी सहा आठवड्यांची पावती केली. ह्यांनी सही केली.

मडकं सोललेल्या नारळापेक्षा थोडं मोठं, तांबूस, अंगावर आडवे वेढे. ह्यांनी ते माझ्या पुस्तकांच्या फळीवर ठेवलं तेव्हा मी म्हटलं, "थडग्यातलं ना हे?"

"हो. मेलेल्याच्या उशाशी होतं."

"आणि तुम्ही ते माझ्या पुस्तकांत ठेवताय."

"अगं, चार हजार वर्षं झाली. आता सुतक फिटलं असेल."

मी हसले. पण ते मडकं फळीवरून टेबलावर हलवायला लावलं, आणि शिकलेली असून आपल्याला असं वाटतं ह्याची लाजही वाटली. पाचवा आठवडा चालू होता. चित्र पुरं झालं होतं, फक्त शाई वाळल्यावर पुसायच्या पेन्सिलच्या रेघा राहिल्या होत्या.

बुधवारी सकाळचं मला तुटक आठवतं. घरात चपला खूप होत्या. शेजारची वसईची नर्स, नाईट ड्यूटी करून आलेली, कपडे न बदलता माझ्याजवळ बसली होती. ह्यांचे मित्र, ज्यांना मी भावजी म्हणते, सगळं बघत होते. ते पुण्याचे, बँकेत कामाला, एरवी एक मिनिट गप्प न बसणारे. मुलगा नसल्यामुळे अग्नी तेच देणार होते. दारात कुणीतरी म्हणालं की लाकडं पोचली, भटजी पोचले, पण मडकं नाही. भावजी माझ्यापुढे वाकले. त्यांनी काहीतरी विचारलं.

गुरुवारी संध्याकाळी मी टेबलाशी गेले. चित्र होतं, कॅलिपर होता, मडक्याखाली ठेवायची कापडाची चुंबळ होती. मी टेबलाखाली पाहिलं, मोरीत पाहिलं, पुस्तकांच्या मागे हात घालून पाहिलं. मग चुंबळीकडे बघत असताना मला बुधवारचं दारातलं वाक्य आठवलं: पण मडकं नाही.

शुक्रवारी भावजी अस्थी आणून देऊन गेले तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "भावजी, त्या दिवशी मडकं कुठून आणलंत?"

"घरातलंच की, वहिनी. बाजारात जायला वेळ कुठे होता? मी तुम्हाला विचारलं, तुम्ही टेबलाकडे मान केलीत." ते थांबले. "का? पूजेतलं होतं का?"

"नाही," मी म्हटलं. "साधंच."

मी टेबलाकडे मान केली होती का, हे मला आजही सांगता येत नाही. मी भिंतीकडे बघत असेन. टेबल भिंतीशी होतं.

त्यानंतरचे तीन दिवस मी ह्यांच्यासाठी रडले नाही. रडायला जागाच उरली नव्हती. डोक्यात एकच: चित्र न्यायला बाई सोमवारी येणार आणि पावतीवर ह्यांची सही आहे. त्या दिवसांत थडग्यांतली मडकी बाजारात चोरून विकली जातात अशी कुजबुज असायची. कुणाकडे तरी सापडली, त्याला लगेच मायदेशी परत पाठवलं, असंही ऐकलेलं होतं. मेलेल्या माणसाला परत पाठवता येत नाही, पण त्याला चोर म्हणता येतं, आणि तो काही बोलू शकत नाही. ऑफिसात म्हणतील. खोदकामावर म्हणतील, फार साधा वाटायचा. आणि त्या इंग्लिश गावात, जिथे कुणी एक बटणसुद्धा फेकत नाही, तिथे कमिटीच्या वहीत लिहिलं जाईल की एका हिंदी ड्राफ्ट्समनने घेतलं आणि परत केलं नाही. माझा व्हिसा ह्यांच्या व्हिसावर होता. कंपनीने महिन्याची मुदत दिली होती. म्हणजे मी निघून जाणार आणि ते वाक्य इथे राहणार.

नर्सबाईला मी शनिवारी सगळं सांगितलं. ती मला ताई म्हणायची, पण बोलायची धाकट्या बहिणीसारखी नाही, वॉर्डातल्या पेशंटशी बोलावं तशी. तिने ऐकून घेतलं, कपाळावर हात मारला आणि पहिली गोष्ट म्हणाली, "जेवलीस का?" मग म्हणाली, "कबूल करून मोकळी हो, ताई. आमच्यात तर चर्चमध्ये त्यासाठी रांग लावतात."

"आणि नाही विश्वास बसला तर?"

"मग काय करणार आहेस? दुसरं मडकं आणणार?"

तिने चिडवायला म्हटलं. मी म्हटलं, "हो."

तिने पुन्हा कपाळावर हात मारला. पण टॅक्सी तिनेच बोलावली. सुतकात मी अशी बाहेर पडले, तेही मडकं घ्यायला.

आली नावाच्या गावात कुंभार आहेत. टेकड्यांच्या पायथ्याशीच त्यांच्या भट्ट्या, काही तर जुन्या थडग्यांच्या कुशीतच बांधलेल्या. म्हातारा कुंभार चाकावर बसला होता. मी हाताने आकार दाखवला, वेढे दाखवले. त्याने मोडक्या हिंदीत विचारलं, "पानी का? फूल का?" मी पुन्हा हाताने आकारच दाखवला. त्याने एक लहान मडकं काढलं, बोटाच्या पेराने वाजवलं, "यल्ला, अच्छा है," म्हणून माझ्या हातात दिलं. आकार इतका जवळचा होता की मी भाव न विचारताच पैसे काढले. नर्सबाई टॅक्सीत म्हणाली, "आता ह्याला चार हजार वर्षं कशी लावणार?"

मी प्रयत्न केला हे लिहायला हवं. घरी चहाचा चोथा आणि राख कालवून मी ते मडकं घासलं. तासभर घासलं. मग चित्र शेजारी ठेवून पाहिलं, आणि ह्यांच्या रेघेपुढे ते मडकं खोटं बोलणाऱ्या माणसासारखं दिसलं. काठ बाहेर वळलेला नव्हता, बूड फार सपाट होतं. बाईंना कळायला एक क्षण पुरला असता. आणि मग चोरीबरोबर फसवणूकही झाली असती, तीही ह्यांच्याच नावाने.

रविवारी सकाळी मी भावजींना बोलावलं आणि खरं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

"म्हणून फुटेना," ते म्हणाले.

"काय?"

"वहिनी, मी तीन फेऱ्या घातल्या, भटजींनी दगडाने भोकं पाडली, तीच मुळात पडेनात. मग मागे टाकलं तर पडून राहिलं तसंच. सगळे बघायला लागले. भटजी म्हणाले, पुन्हा टाका. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा दगडावर टाकलं तेव्हा फुटलं. मला वाटलं, ह्याला जायचंच नाहीये." ते हसायला गेले आणि त्यांना हसता आलं नाही. "दर शुक्रवारी भेटायचो आम्ही. मला एकदा तरी सांगायचं होतं त्याने, की हे मडकं म्हणजे काय आहे ते."

"सांगितलं असेल. तुम्ही बोलत असाल."

"ते मात्र खरं."

आम्ही दोघं स्मशानात गेलो. बायका जात नाहीत. मी गेले. राखणदार एक म्हातारा गुजराती होता. मला बघून तो उठून उभा राहिला, मग भावजींकडे बघून म्हणाला, "अस्थी तो ले गये ना? अब इधर मफी, सेठ, सब खलास." भावजींनी मडक्याचं विचारलं. त्याने भिंतीकडेच्या ढिगाकडे हात केला. तिथे सगळ्यांची मडकी होती. जो कोणी तिथे येऊन गेला, त्याचं एक.

मी ह्यांचं चित्र सोबत नेलं होतं, वहीच्या पुठ्ठ्यात घालून. ढिगाशी बसले आणि एकेक तुकडा उचलून त्याची फुटलेली कड बघत गेले. ह्यांनी एकदा मला दाखवलं होतं, नव्या मडक्याची कड सगळी एका रंगाची असते. ह्या जुन्यांची बाहेरून तांबडी आणि मधोमध राखी, कारण आच आतपर्यंत पोचलेली नसते. तेव्हा मी पुस्तकातून डोकं वर न काढता हूं म्हटलं होतं. पण ऐकलेलं होतं तर. ऊन चढत होतं. भावजी शेजारी उकिडवे बसून तुकडे हातात देत होते, "हा? हा? बरं, हा?" पहिला राखी कडेचा तुकडा मिळाला तेव्हा मी तो नुसता त्यांना दाखवला. दुपारपर्यंत सात मिळाले. त्यातला एक बुडाचा, भोकं पाडलेला. काठाचे दोनच. बाकीचे मिळाले नाहीत.

सोमवारी बाई आल्या. त्यांना खोदकामावर कळलं होतं. पांढऱ्या फुलांचा गुच्छ घेऊन आल्या आणि खुर्चीच्या कडेला बसल्या. ह्यांच्याबद्दल बोलल्या, हळू आणि थोडं. मडक्याचा शब्द काढला नाही. टेबलाकडे पाहिलंसुद्धा नाही. मी चहा दिला, त्यांनी प्यायला. मग उठल्या, माझा हात हातात घेतला, दारापर्यंत गेल्या. मी गप्प राहिले असते तर त्या निघून गेल्या असत्या. मग महिन्याभराने मी निघून गेले असते. हे सगळं मला त्या चार पावलांत दिसलं.

"तुमचं मडकं," मी म्हटलं.

"त्याची आज घाई नाही."

"ते फुटलं. आम्ही फोडलं."

मी ताटातले सात तुकडे आणून टेबलावर ठेवले आणि सांगितलं. माझं इंग्रजी पुस्तकी आहे, त्या दिवशी तेही आलं नाही. स्मशानात मडकं का फोडतात हे सांगताना मी दोनदा थांबले. बाई उभ्याच होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि तो रागाने की कशाने ते मला समजेना.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. काठाचा तुकडा उचलून त्याची कड पाहिली. मग ह्यांचं चित्र पुढे ओढलं आणि तो तुकडा कागदावर आडवा धरला, डाव्या बाजूच्या काळ्या भागावर. थोडा सरकवला. काठाचं वळण, त्याच्याखालची चिमट, मग फुगत गेलेली जाडी. कड रेघेवर बसली. त्यांनी दुसरा तुकडा लावला. तोही बसला. बुडाचा लावला.

"त्यांनी हे अखंड मडक्यावरून काढलं," त्या म्हणाल्या. मला नव्हे, बहुधा स्वतःलाच. मग खाली बसल्या आणि रडल्या. मीही तेव्हाच रडले, आठवड्यात पहिल्यांदा.

निघताना त्या म्हणाल्या, "मी तुमच्यावर विश्वास ठेवते. पण मडकं माझं नाही. कमिटीला सांगावं लागेल." पिशवीत तुकडे आणि चित्र गेलं.

त्यानंतर चार महिने पत्र नाही. मधल्या काळात मला एका शाळेच्या ग्रंथालयात नोकरी मिळाली, व्हिसा बदलून घेता आला, मी राहिले. राहण्याला कारण लोकांना नोकरी सांगत होते. खरं म्हणजे पत्राआधी मला जायचं नव्हतं. तेव्हा पत्रं घरी येत नसत, ह्यांच्या कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर येत. भावजी बँकेतून सुटल्यावर वळसा घालून तिथे जायचे आणि जिना चढताना खालूनच ओरडायचे, "मफी, वहिनी!" आज काही नाही, म्हणजे मी दार उघडून वाट बघत राहू नये. रोज मी मनातल्या मनात त्या पायऱ्यांवर त्या कमिटीच्या माणसांना बघायची. त्यांना मी नगराध्यक्षांच्या चित्रांतले चेहरे दिले होते. ते लांब टेबलाभोवती बसून ह्यांच्याबद्दल बोलत असत आणि मला शब्द ऐकू येत नसत.

एक दिवस भावजी काही न ओरडता वर आले.

पत्र बाईंचं होतं. कमिटीच्या दोन बैठका झाल्या होत्या. एका सभासदाने बरंच काही म्हटलं होतं, ते बाईंनी लिहिलं नव्हतं. दुसऱ्या बैठकीत बाईंनी तुकडे चित्रावर ठेवून दाखवले, आणि मग फार बोलणं झालं नाही. प्रदर्शन मांडलं गेलं होतं. सोबत एक फोटो होता. काचेच्या पेटीत सात मडकी, आठव्याच्या जागी सात तुकडे, मागे भिंतीवर चित्र. खालची चिठ्ठी वाचायला मी भिंग घेतलं. तिच्यावर लिहिलं होतं की हे मडकं बहारीनमध्ये दोनदा अंत्यविधीसाठी वापरलं गेलं. खाली, चित्र काढणाऱ्याचं म्हणून, ह्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. भावजींनी फोटो उन्हाकडे धरून पाहिला. "चला, इंग्लंडला पोचला," ते म्हणाले, आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

पाकिटात आणखी एक कागद होता. ती सहा आठवड्यांची पावती. ह्यांच्या सहीखाली बाईंनी 'परत मिळालं' असं लिहून स्वतःची सही केली होती.

ते गाव मी अजून पाहिलेलं नाही. आलीच्या कुंभाराचं मडकं गॅलरीत आहे, रिकामं. पावती माझ्याकडे आहे आणि तिच्यावर दोन सह्या आहेत.